फोटोसारखं म्हणायचं नाही

परब सर गेले तेव्हा शाळेच्या दर्शनी फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं, 'कलेचे निस्सीम उपासक, आमचे लाडके कलाशिक्षक कै. परब सर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' मी तेव्हा निवृत्त झाले होते. मुलुंडच्या मंडईतून भाजी घेऊन येताना फाटकापाशी थांबून ते वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उपासक म्हणे! आणि लाडके? हे लाडके कधी झाले? माणूस जिवंत असताना ह्याच संस्थेनं त्याच्या नाकी नऊ आणले होते. हातात कोथिंबिरीची जुडी नसती तर आत जाऊन तो फळा मी पुसलाच असता. आयुष्यभर मराठी शिकवलं, पोरांच्या निबंधातले किती 'निस्सीम' आणि 'भावपूर्ण' मी लाल शाईनं खोडलेत. आता ते फळ्यावर आले.

उपासक उदबत्ती लावतो आणि डोळे मिटतो. परब सर डोळे मिटणाऱ्यांतले नव्हते. बुटका, काळासावळा, दंड घट्ट असलेला माणूस. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं कायम कुठल्यातरी रंगाची, साबणानं न जाणाऱ्या. स्टाफरूममध्ये डबा खाताना ते डाव्या हातात चमचा धरत. बसमध्येही दांडी डाव्या हातानं धरायचे. उजवी चिमूट त्यांनी जन्मभर जपली, कारण ते रांगोळी काढत. दारापुढची ठिपक्यांची नव्हे. माणसांचे चेहरे, जमिनीवर, हातभर नि दोन हात लांबीचे, सुक्या रंगात. दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या सभागृहात त्यांचं प्रदर्शन भरायचं आणि भांडुप-घाटकोपरपासून लोक बघायला यायचे. दूरदर्शन तेव्हा नुकतं रंगीत झालं होतं, तरी यायचे.

लोक यायचे आणि ठरलेली दोन वाक्यं बोलायचे. पहिलं, "किती तास लागले हो?" त्यावर परब सर विचारत, "का? तुम्हाला कुठं जायचंय?" दुसरं वाक्य, "अगदी फोटोसारखं!" हे ऐकलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. "स्टेशनसमोर फोटो स्टुडिओ आहे," ते म्हणत, "तिकडे जा. तिथं बसायला स्टूल पण देतात." एकदा संस्थेच्या एका देणगीदारालाच ते असं म्हणाले. मग मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून समज दिली. बाहेर आले ते मला म्हणाले, "बाई, समज दिली म्हणे. होती त्यांच्याकडे?"

तोंडानं असा फटकळ, पण कामाला वाघ. आमच्या स्टाफरूममध्ये एक गाणारे सर होते. स्नेहसंमेलन आलं की त्यांचा 'मूड' नसायचा. परब सर म्हणायचे, "बसच्या कंडक्टरला कधी मूड लागलेला ऐकलाय? तो नाही म्हणत, आज तिकीट फाडायची प्रेरणा होत नाही." एका आईनं मुलाला आणून सांगितलं, "सर, ह्याच्यात कला जन्मजात आहे." सरांनी त्या मुलाकडे नीट बघितलं. "जन्मजात फक्त भूक असते. उद्या ह्याला पेन्सिलीला टोक करायला शिकवू, मग बघू." त्या आईला राग आला. मुलगा मात्र दोन वर्षं त्यांच्या वर्गात पहिला येत राहिला.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचंय त्या वर्षी प्रदर्शनाचा विषय होता 'थोर कलावंत'. गवई, नट, शिल्पकार, परदेशातला एक वेडा झालेला चित्रकार, असे. प्रत्येक चित्रापाशी पुठ्ठ्यावर चार ओळींची माहिती लावायची आणि ती लिहायचं काम माझ्या गळ्यात. मीही हौसेनं ग्रंथालयातून चरित्रं आणली, रात्री भांडी आवरली की वाचायला बसायचे. सगळ्यांत तेच. अठराविश्वे दारिद्र्य, दारू, अपमान, मग प्रतिभेचा साक्षात्कार. मीही तसंच लिहिलं. सर वाचायचे आणि खोडायचे. माझं लिहिलेलं कोणी खोडावं ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ, त्यामुळे मीही भांडले.

"हा गवई," ते म्हणाले, "प्यायचा म्हणून गात होता, की प्यायचा तरी गात होता? ते आधी ठरवा."

"चरित्रात लिहिलंय, दुःखानं त्यांची प्रतिभा फुलली."

"दुःखानं चित्र होत असतं ना बाई, तर आमच्या भांडुपात घरटी एक चित्रकार असता." मग पुठ्ठा खाली ठेवून म्हणाले, "आणि हा रियाज करत होता तेव्हा ह्याच्या घरात भाकऱ्या कोण थापत होतं? तिचं नाव घाला की एका ओळीत."

मी पुन्हा सगळी चरित्रं चाळली. भाकऱ्या थापणारीचं नाव एकाही चरित्रात नव्हतं. 'त्यांची सुविद्य पत्नी' एवढंच, तेही एका ठिकाणी. मला इतका संताप आला की मी ती पुस्तकं मुदतीआधीच परत करून टाकली.

सभागृहात जागा आखून झाली तेव्हा शेवटी एक चौकोन जास्त निघाला. मी विचारलं, हा कोणाचा? सर कलावर्गात बसून रांगोळी चाळत होते. चाळण घरची, पिठाची. तिच्यावरून परबवहिनींशी त्यांचं दरवर्षी वाजायचं. नाकाला रुमाल बांधलेला, त्यामुळे आवाज दबका. "हा माझ्या आतेचा," ते म्हणाले, आणि चाळता चाळता सांगत गेले.

आतेचं नाव द्वारका. मालवणकडच्या एका वाडीतली. सोळाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. लहानपणापासून हातात रांगोळी. अख्ख्या वाडीत तिच्यासारखं कोणी काढत नसे. पण नवरा गेलेल्या बाईनं दारात रांगोळी घालायची नाही. तुळशीपुढे नाही, लग्नाकार्यात नाही, सणाला तर नाहीच. त्या काळातलं कशाला सांगू, माझ्या सोसायटीत पाडव्याला कोणी रांगोळी घालायची ह्यावरून आत्ता आत्तापर्यंत बायका कुजबुजत. तर आते काय करायची? परसात, विहिरीकडच्या धुण्याच्या दगडामागे, पहाटे चुलीतली राख आणि विटेचा चुरा घेऊन बसायची. रोज. वेली, मासे, बैल, शेजारणीचा नाकाडा नवरा. सूर्य वर आला की कोणीतरी धुणं घेऊन यायचं आणि वरून पाणी जायचं. दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी. लहानगे परब सर शेजारी उकिडवे बसून बघत. चिमूट कशी धरायची, रेघ कुठं सोडायची, सगळं तिच्याकडून घेतलेलं.

"जे.जे.त वगैरे नंतर गेलो," ते म्हणाले. "तिथं आधी जे शिकवलं ते मला येत होतं."

"तिचा फोटो आहे?"

"विधवेचा फोटो कोण काढणार? ती मेली तेव्हा मी लहान. तिचं तोंडच आठवत नाही, बाई. नुसती वाकलेली पाठ दिसते."

"मग काढणार कसं?"

"बघू या," ते म्हणाले, आणि चाळण बडवून पुढचा रंग घेतला.

आता नानांकडे येते. नाना म्हणजे संस्थेचे चिटणीस. सगळी शाळा त्यांना नाना म्हणायची, मीही म्हणत असे, त्याला इलाज नव्हता. तयारी बघायला आले, हातात पानाचा डबा. फिरत फिरत शेवटच्या चौकोनाशी थांबले. डोक्यावर पदर घेतलेल्या बाईची बाह्यरेषा पडली होती, कपाळ मोकळं.

"ही कोण?"

"द्वारका परब," सर म्हणाले.

"गायिका?"

"नाही. माझी आते."

नाना हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हा विनोद नाही. "अहो, वसुबारसेला उद्घाटन. एवढे मोठे चित्रकार पाहुणे येणार. तिथं थोर कलावंतांच्या पंगतीत तुमची आते? आणि कपाळ असं पांढरं! दिवाळी आहे सर, लोक बायकापोरं घेऊन येतात."

"पंगतीला नको तर सगळीच उचलतो," सर म्हणाले आणि खरंच गवयाच्या चित्राकडे वळले. पुसायला पाय उचललासुद्धा. नानांचा चेहरा उतरला. पत्रिका छापून झाल्या होत्या. मग तडजोड झाली. आतेला रांगेतून काढून सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला, पाहुण्यांच्या स्टेजच्या बाजूला, खांबाआड जागा दिली. कोपऱ्यात बसवली पुन्हा. सर बसायच्या पाटाखाली विटा लावून नव्यानं कामाला बसले.

त्या चेहऱ्यासाठी त्यांनी काय केलं ते मी बघितलंय, म्हणून सांगते. बाकीचे चेहरे ते फोटो समोर ठेवून झपाझप काढत. इथं समोर काहीच नाही. डोळे घालायचे, उठून लांब जायचे, परत यायचे, कोंबडीच्या पिसानं सगळं तोंड झाडून टाकायचे. मी पुठ्ठे लावत होते, मला वाटायचं, अहो चांगलं तर होतं! पुन्हा नाक, पुन्हा पिसानं झाडणं. दुपारचा चहा निवून साय धरली. मी मध्ये एकदा विचारलं, "आठवतंय का?" ते म्हणाले, "आठवायला बसलो तर काहीच येत नाही. हाताला विचारतोय." उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी निघाले तेव्हा ते पीस बाजूला ठेवून पाटावर बसलेले. मला बघून नुसते म्हणाले, "आली."

मी खांबाआड गेले. हाडापेराची बाई. डोक्यावरचा पदर जरा मागं सरकलेला. एक भुवई किंचित वर. हनुवटी पुढे आलेली, हट्टी माणसाची असते तशी. बघत होती ती आपल्याकडे नाही, जरा खाली, जमिनीकडे, रेघ बरोबर पडली का ते बघावं तशी. त्या सभागृहात बाकी सगळे थोर होते, हार घातलेल्या फोटोतले. ही एकटी काम करत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"काढत गेलो तशी दिसत गेली," सर म्हणाले. "आधी डोक्यात नव्हती हो. खरंच नव्हती."

"हिचा तरी एक फोटो काढून ठेवा."

"तुम्ही पण फोटोवर आलात?" ते हसले. "उद्या येणाराय स्टुडिओवाला. उद्घाटन झालं की पहिला हिचा काढायला लावतो."

आता रांगोळीच्या प्रदर्शनात एक गोष्ट शेंबड्या पोरालाही कळते. पंखा लावायचा नाही. परब सर तर प्रत्येक पंख्याचं पातं सुतळीनं गजाला बांधून ठेवायचे, बटणांवर कागद चिकटवायचे. ऑक्टोबरची काहिली असली तरी लोक पत्रिकेनं वारा घेत बघायचे, कोणी कुरकुर केली नाही. उद्घाटनाच्या सकाळी नाना आले आणि स्टेजवरच्या पंख्याची सुतळी बघून म्हणाले, "हे काय फाशी दिल्यासारखं? पाहुण्यांसमोर बरं दिसतं का?" सर तेव्हा नानांच्याच हुकमावरून स्वच्छ शर्ट घालायला गेले होते. तेवढ्यात नानांनी शिपायाला स्टुलावर चढवून सुतळी सोडवली, बटणावरचा कागदही काढला. मी दारात पाहुण्यांच्या बायकोला गजरा देत होते. मला हे नंतर कळलं.

पाहुणे खरंच मोठे चित्रकार. नाव लिहीत नाही, उगाच त्यांची जाहिरात नको. फीत कापली, रांगेवरून नजर टाकली, आणि बोलायला उभे राहिले. 'निर्मितीच्या वेदना' हा विषय. कलावंत कसा जळतो, कसा एकटा असतो, समाजाला तो कसा कळत नाही. लोक माना डोलवत होते. बोलता बोलता त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. एवढंच. मागितला नव्हता त्यांनी वारा. पण नानांच्या जिवाची घालमेल झाली, पाहुण्यांना घाम! ते उठले आणि बटण दाबलं.

पंखा जुना, आधी दोनदा कुरकुरला. सर दाराशी होते. आख्खं सभागृह ओलांडून ते धावले, "बंद कर रे, बंद कर! सुतळी कोणी सोडल्यान?" नाना गोंधळून भलतीच बटणं दाबत बसले, दिवे गेले, आले. तोवर पदर उडाला. मग कपाळ. पांढरं काळ्यात गेलं, गालावरून करड्या रेघा ओढल्यागत झालं आणि भुरभुर उठली ती पाहुण्यांच्या पँटवर बसली. पंखा थांबला तेव्हा खांबाआड एक मळकट डाग होता. रांगेतल्या थोरांना धक्काही लागला नव्हता.

पाहुण्यांनी पँट झटकली. चित्राकडे बघितलं. आणि काय बोलले असतील? "पाहा," म्हणाले, "क्षणभंगुरता हाच ह्या कलेचा आत्मा आहे." आणि टाळ्या पडल्या! अहो, टाळ्या! आमचे शिक्षक टाळ्या वाजवत होते, ते गाणारे सर सुद्धा. मी जागेवरून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आत्मा नाही, पंखा. नानांनी लावलेला." टाळ्या थांबल्या. मला दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला. आयुष्यात ज्या थोड्या गोष्टींचा मला अभिमान आहे त्यात तो मेमो आहे.

सर ओरडले नाहीत. डागाशेजारी उकिडवे बसले, लहानपणी बसत तसेच बसले असतील. नाना जवळ येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. परत काढा की! कला काय, हातात आहे तुमच्या." सरांनी तो हात हळूच बाजूला केला. "नाना," ते म्हणाले, "हातात नव्हती. मी तिला शोधत होतो, तेव्हा सापडली होती." नानांना ह्यातलं अक्षर कळलं नाही. स्टुडिओवाला पाहुण्यांचे फोटो काढत होता.

पुढची दोन-तीन वर्षं सरांनी प्रदर्शन केलं. विषय वेगळे, पण शेवटी एक चौकोन असायचा. त्यात ते आतेला काढायला बसत आणि उद्घाटनाआधी पिसानं झाडून टाकत. रिकामी फरशी आणि शेजारी मी लिहिलेला पुठ्ठा, 'द्वारका परब'. लोक विचारत, रांगोळी पुसली गेली वाटतं? एका वर्षी नानांनी त्या जागी क्रोटनची कुंडी ठेवली. जागा ओकीबोकी दिसते म्हणे. सरांनी ती कुंडी उचलून नानांच्या केबिनमध्ये त्यांच्या खुर्चीवर ठेवली आणि त्यानंतर शाळेत रांगोळी काढली नाही. संस्थेनं ठराव केला, कलाशिक्षकांचं सहकार्य मिळत नाही. आणि आता उपासक!

ते निवृत्त झाल्यावर मी एकदा भांडुपला त्यांच्याकडे गेले. टेकडीच्या पोटाशी बैठी चाळ. सकाळची वेळ, मासेवाली नुकतीच ओरडून गेली होती. वहिनी दारातच म्हणाल्या, "मागं बसलेत बघा, मोरीपाशी. रोजचं आहे हो हे. माझी चाळण गेली ती गेलीच." मागच्या बाजूला शहाबादी फरशी, नळाखाली बादली. सर फरशीवर वाकून बसलेले, हात जरा थरथरत होता. समोर पांढऱ्या रांगोळीत एक चेहरा. डोक्यावर पदर.

त्यांनी मान वर केली. म्हातारे झाले होते. "बाई," म्हणाले, "बरं झालं आलात. तुम्ही बघितली होती तिला. तुमची वहिनी तर काहीही काढलं की छान म्हणते." मग बाजूला सरकून मला जागा केली. "नीट बघा. हीच ना?"

मी वाकून बघितलं. पदर तसाच होता. भुवई तशीच वर. सुंदर होतं हो चित्र, लोकांनी फोटोसारखं म्हटलं असतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. हो म्हणणं फार सोपं होतं.

"नाही, सर," मी म्हटलं. "हनुवटी पुढे होती तिची. हट्टी. आणि ती आपल्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती."

त्यांनी वाकून फरशीकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा असा खुलला, की शाळेत इतकी वर्षं मी तो तसा कधी पाहिला नव्हता. "खाली," ते म्हणाले. "होय गो, खाली." बादलीतलं पाणी ओंजळीनं घेऊन त्यांनी सगळं तोंड धुऊन काढलं, फडक्यानं फरशी कोरडी केली आणि मला पाट सरकवला.

"बसा," म्हणाले. "आणि सांगत राहा."

मी पिशवी खाली ठेवली आणि बसले.